नवरा अमेरिकेत, जन्माचा दाखला मामाच्या गावात

माझ्या भाचीचं लग्न झालं आणि सतराव्या दिवशी जावई परत न्यू जर्सीला गेले. त्यानंतर पावणेदोन वर्षं तिला बाजारात, हळदीकुंकवात, दारावर भाजी घेताना एकच प्रश्न ऐकावा लागला, "काय वं, उना का व्हिसा?" विचारणाऱ्या मावशींना वाटायचं, पोरीचंच काहीतरी अडलंय. अडलं काही नव्हतं, हे काम तेवढा वेळ खातंच. नवऱ्याकडे अमेरिकेत कायमचं राहायला जाण्याच्या या व्हिसाबद्दल, तिच्याबरोबर यावल, जळगाव आणि मुंबईच्या फेऱ्या मारताना मला जे कळलं ते सांगतो. मी वकील नाही. आधीचा गुंतागुंतीचा घटस्फोट, पोलीस केस, अमेरिकेत मुदत उलटून राहिल्याचा इतिहास असं काही असेल तर तिथला इमिग्रेशन वकील गाठा. साध्या सरळ लग्नाला वकील लागतोच असं नाही.

सगळ्यात आधी बघायचं ते हे, की नवरा तिथे कोणत्या कागदावर राहतो. 'मुलगा अमेरिकेत सेटल आहे' या एका वाक्यात आपण तीन वेगवेगळी माणसं बसवतो. एक एच-१बी वर नोकरी करणारा. त्याची बायको एच-४ वर जाते. तो नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला, मुदतीचा व्हिसा, आणि आजचा विषय तो नाही. दुसरा ग्रीन कार्डवाला. तो बायकोसाठी अर्ज करू शकतो, पण ती एफ-२ए नावाच्या रांगेत उभी राहते आणि त्या रांगेला वर्षाचा कोटा असतो. रांग कुठवर सरकली ते अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये सांगतं. तिसरा अमेरिकन नागरिक. त्याच्या बायकोला कोटा नाही, कागद तपासायला लागेल तेवढाच वेळ.

सोयरीक जमवताना आपण पगार विचारतो, शेती विचारतो, घर स्वतःचं का भाड्याचं ते विचारतो. हे विचारत नाही. आणि मुलाचं नोकरीतून ग्रीन कार्ड होऊ घातलं असेल तर लग्नाच्या तारखेलाही वजन येतं. लग्न ग्रीन कार्डाच्या आधी झालेलं असेल तर बायको त्याच्याच केसमागून जाऊ शकते, वेगळी याचिका लागत नाही. ग्रीन कार्ड हातात पडल्यावर लग्न झालं तर तिला एफ-२ए ची रांग. मुहूर्त बघणाऱ्या गुरुजींना हे ठाऊक असायचं कारण नाही, पण मुलाला असायला हवं.

आता आपल्याकडचा सगळ्यात मोठा गैरसमज. टुरिस्ट व्हिसाच्या मुलाखतीत 'मी परत येणार' हे पटवून द्यावं लागतं, म्हणून लोक सातबारा, एफडीच्या पावत्या, दुकानाचं लायसन घेऊन जातात. इमिग्रंट व्हिसात उलटं आहे. तुम्ही कायमचं राहायलाच चाललात, हे अर्जातच लिहिलेलं असतं. परत येणार का, असं कोणी विचारत नाही. समोरच्या अधिकाऱ्याला प्रामुख्याने एवढंच बघायचं असतं की लग्न खरं आहे का, नवरा बायकोला पोसू शकतो का, आणि कागदावरची बाई व समोर उभी असलेली बाई एकच आहे का. आपल्या भागातल्या मुली या तिसऱ्यात अडकतात.

नवरा नागरिक आहे असं धरून पुढचं सांगतो. सुरुवात तो करतो. आय-१३० नावाची याचिका तो अमेरिकेच्या नागरिकत्व व इमिग्रेशन सेवेकडे भरतो, तिची फी २०२४ पासून ऑनलाइन ६२५ डॉलर आणि कागदी ६७५ डॉलर आहे. सोबत बायकोच्या माहितीचा आय-१३०ए. त्याच्या नागरिकत्वाचा पुरावा, लग्नाचा दाखला, दोघांचे पासपोर्ट फोटो, आणि दोघांपैकी कोणाचं आधी लग्न झालं असेल तर ते कायद्याने संपल्याचा कागद. हे शेवटचं महत्त्वाचं. स्टॅम्पपेपरवर पंचांच्या सह्या घेऊन केलेली सोडचिठ्ठी आपल्याकडे अजून चालते, तिथे ती अडते. न्यायालयाचा हुकूमनामा काढून ठेवा.

याचिका मंजूर व्हायला साधारण वर्ष-दीड वर्ष धरून चाला. या काळात घरोघरी एक सल्लागार उगवतो, "तोवर टुरिस्टवर जाऊन ये की." नवरा तिथे, बायकोची याचिका तिथे पडलेली, आणि ही म्हणते मी फिरून परत येते. यावर अधिकारी सहसा विश्वास ठेवत नाही. व्हिसा नाकारला गेला तर तो नकारही पुढच्या फॉर्ममध्ये लिहावा लागतो. त्यापेक्षा सुट्टी मिळेल तशी नवऱ्याने इकडे चक्कर मारावी. त्याच्या पासपोर्टवरचे शिक्के लग्न खरं असल्याचा चांगला पुरावा होतात.

मंजुरीनंतर फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. हे न्यू हॅम्पशायरमध्ये आहे आणि ते फक्त कागद गोळा करतं. केसला नवा नंबर मिळतो, मुंबईच्या केसचा बीएमबी या अक्षरांनी सुरू होतो. व्हिसा अर्जाचे ३२५ डॉलर आणि आर्थिक हमीच्या तपासणीचे १२० डॉलर भरायचे. त्याला अमेरिकन बँकेचं खातं लागतं, म्हणून हे काम नवऱ्याचंच. मग बायकोने डीएस-२६० हा ऑनलाइन फॉर्म भरायचा. त्यात वयाच्या सोळाव्या वर्षापासून कुठे कुठे राहिलात ते सगळे पत्ते विचारतात. भाचीचे निघाले पाच. गाव, जळगावचं होस्टेल, पुण्यात कॉट बेसिसवर दोन ठिकाणं, आणि सासर. पुण्याच्या एका खोलीच्या घरमालकाचं नावसुद्धा तिला आठवेना. शेवटी जुन्या कुरिअरच्या पाकिटावर पत्ता सापडला. गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची खातीही लिहावी लागतात. जे लिहाल त्याची प्रत जपून ठेवा, पुढे मुलाखतीत त्यातलंच विचारतात.

आता कागद. इथे मी जरा थांबणार आहे.

खान्देशात पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे मुलगी वाढली एका गावात आणि जन्माची नोंद दुसऱ्या गावात, म्हणजे मामाच्या. भाचीची नोंद यावल तालुक्यातल्या आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत. ग्रामसेवकांनी कपाटातून रजिस्टर काढलं, पानांच्या कडा वाळवीने खाल्लेल्या. तारीख बरोबर, आईचं नाव बरोबर, वडिलांच्या नावात 'ज्ञानेश्वर'चं 'ग्यानेश्वर' झालेलं. आणि बाळाच्या नावाचा रकाना रिकामा. बारशाआधी नोंद झाली, नंतर नाव घालायला कोणी गेलंच नाही. त्या पानावरच्या अकरा नोंदींपैकी आठ बिननावाच्या होत्या, मी मोजल्या.

नाव नसलेला दाखला अमेरिकेच्या दृष्टीने तुमचा दाखला नाही. नाव नंतर घालता येतं. नियमाने त्याला नोंदणीपासून पंधरा वर्षांची मुदत असते आणि राज्यात ती अधूनमधून वाढवून दिली गेली आहे, म्हणून आज काय चालू आहे ते ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत विचारा. आम्हाला तेवढ्यासाठी तीन महिने लागले. एकदा सही करणारे मीटिंगला, एकदा प्रिंटर बंद, एकदा इंग्रजी रकान्यात आडनावाचं स्पेलिंग चुकलं. नोंदच नसेल तर 'नोंद आढळत नाही' असा दाखला घ्यायचा, त्याला शाळा सोडल्याचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, आणि जन्म माहीत असलेल्या आईवडिलांची किंवा जवळच्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं जोडायची. आपल्याकडे जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधी जन्मलेल्यांना हा पर्यायी पुरावा तुलनेने सहज चालतो. नंतरच्यांनी आधी मूळ नोंद शोधावी.

मग नावाची तऱ्हा. शाळेत 'पाटील मनीषा ज्ञानेश्वर', पासपोर्टवर नावाच्या रकान्यात 'मनीषा ज्ञानेश्वर' आणि आडनाव वेगळं, लग्नाच्या दाखल्यावर सासरचं नाव, आणि तांदळात अंगठीने लिहिलेलं तिसरंच. (मनीषा हे नाव उदाहरणादाखल.) लग्नात नाव बदलायची हौस असेल तर ती तांदळातच राहू द्या. व्हिसा पासपोर्टवरच्या नावाने छापतात, माहेरच्या नावाचा पासपोर्ट पूर्ण चालतो. केस मध्यावर आली असताना पासपोर्टवर सासरचं नाव चढवायला गेलात तर प्रत्येक कागदापुढे नवा खुलासा जोडत बसाल. जिथे फरक आहेच तिथे 'या सगळ्या नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

लग्नाची नोंदणी राज्याच्या १९९८ च्या कायद्याखाली ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत होते. पत्रिका, फोटो, साक्षीदार आणि लग्न लावणारे गुरुजी लागतात. नवरदेव परत जायच्या आत हे उरका. हळद उतरली की दुसऱ्या दिवशी नोंदणी, सत्यनारायण नंतर.

पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट म्हणजे पोलीस ठाण्यातून नोकरीसाठी मिळणारं चारित्र्य प्रमाणपत्र नव्हे. इथे पासपोर्ट कार्यालयाचंच लागतं, पासपोर्ट सेवा पोर्टलवर अर्ज, ५०० रुपये फी. आमच्या शेजारच्या गल्लीतला एक जण चारित्र्य प्रमाणपत्र अपलोड करून दोन महिने उत्तराची वाट बघत बसला होता. मराठी कागदांचं याचिकेसाठी इंग्रजी भाषांतर लागतं. त्याला नोटरी लागत नाही. मला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व बरोबर आहे, असं भाषांतर करणाऱ्याने लिहून नाव, पत्ता, तारीख, सही केली की झालं. आमच्याकडे ते मीच केलं.

आता हमीपत्र, आय-८६४. नवऱ्याने लिहून द्यायचं असतं की बायको सरकारी मदतीवर पडणार नाही. त्याचं उत्पन्न तिथल्या गरिबी रेषेच्या १२५ टक्के तरी हवं. २०२५ च्या तक्त्याने फक्त दोघांच्या घरासाठी ही रक्कम वर्षाला सुमारे २६,४३७ डॉलर होते, माणसं वाढली की वाढते, आणि तक्ता दरवर्षी बदलतो. उत्पन्न कमी पडलं तर तिथला दुसरा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला जोड हमीदार होऊ शकतो. आपली केळीची बाग कितीही मोठी असो, अधिकारी आधी नवऱ्याचे तिकडचे टॅक्सचे कागद बघतो. मालमत्ता मोजता येते, पण ती वर्षभरात रोख होण्यासारखी हवी, आणि नागरिकाच्या बायकोसाठी जेवढं उत्पन्न कमी पडतं त्याच्या तिप्पट दाखवावी लागते.

जोड हमीदार होणाऱ्या चुलत दिराला एक सांगून ठेवा. ही सही नुसता उपचार नाही. ती बाई नागरिक होईपर्यंत, किंवा तिच्या खात्यावर कामाच्या ४० तिमाह्या जमा होईपर्यंत, किंवा ती कायमची देश सोडेपर्यंत, किंवा कोणा एकाचा मृत्यू होईपर्यंत बांधील राहावं लागतं. घटस्फोटाने ती जबाबदारी सुटत नाही. मुलीच्या बापानेही हे ऐकून ठेवावं, वेगळ्या कारणासाठी.

सगळे कागद मान्य झाले की केस मुलाखतीच्या रांगेत लागते आणि तारखेचा ईमेल येतो. तारीख आली की वैद्यकीय तपासणी. ती वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते, जळगावच्या आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचा रिपोर्ट चालत नाही. छातीचा एक्स-रे, रक्त-लघवी, आणि लसी. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, धनुर्वाताची वगैरे. लसी आधी घेतल्या असतील आणि तारखांसकट लेखी नोंद असेल तर पुन्हा टोचत नाहीत, म्हणून जुनं लसीकरण कार्ड शोधा. एक्स-रेत क्षयाचा संशय आला तर थुंकीचे तीन नमुने देऊन कल्चरसाठी आठेक आठवडे थांबावं लागतं. पूर्वी टीबी होऊन गेला असेल तर उपचार पूर्ण केल्याची फाइल सोबत न्या, लपवू नका.

भारतातले जवळपास सगळे इमिग्रंट व्हिसा मुंबईतच होतात, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत. पूर्वी ही वकिलात ब्रीच कँडीला लिंकन हाउसमध्ये होती, २०११ मध्ये इकडे आली. मुलाखतीआधी बोटांचे ठसे व फोटोसाठी व्हिसा केंद्रात वेगळी हजेरी द्यावी लागते. तपासणीचे रिपोर्ट यायला काही दिवस जातात. म्हणजे मुंबईच्या दोन फेऱ्या, किंवा नातेवाइकांकडे आठवडाभर मुक्काम. आम्ही दोन फेऱ्या केल्या, अमरावती-मुंबई गाडीने. ती जळगावला रात्री लागते आणि पहाटे मुंबईत सोडते.

आत मोबाइल नेता येत नाही आणि तो सांभाळून ठेवायची सोयही तिथे नाही. म्हणून सोबत माणूस हवा. तिच्या फोनसकट मी बाहेर उभा होतो. तिच्या हातात प्लॅस्टिकचं पारदर्शक फोल्डर, मूळ कागद एका बाजूला, झेरॉक्स दुसऱ्या. व्हॉट्सॲपवर फिरणारे साठ प्रश्न तिने पाठ केले होते. नवऱ्याच्या आवडत्या भाजीपासून सासऱ्यांच्या जन्मतारखेपर्यंत.

आधी काउंटरवर कागद तपासतात, मग काचेपलीकडच्या अधिकाऱ्यासमोर उभं राहायचं. उजवा हात वर करून खरं सांगेन अशी शपथ. मराठीत मुलाखत देता येते, दुभाषी असतो, आणि इंग्रजी कच्चं असेल तर मराठीच घ्या. अर्धवट इंग्रजीत 'यस यस' करण्यात काही शहाणपण नाही. तिला विचारलं, स्थळ कोणी आणलं? पहिल्यांदा कुठे भेटलात? नवरा काम काय करतो? लग्नानंतर तो किती वेळा आला? कुठे राहणार? आठ-दहा मिनिटांत सगळं आटोपलं. ठरवून केलेलं लग्न म्हणून कमी धरत नाहीत, मुंबईत रोज तशीच लग्नं समोर येतात. बघायचं असतं ते दोन्हीकडचे लोक त्यात आहेत का, आणि नंतर दोघांचं बोलणं-भेटणं चालू आहे का.

फोटोंचंच बघा. स्टुडिओवाल्याने धुरात, छत्री घेऊन, पळताना असे तीनशे फोटो काढले होते. अधिकाऱ्याने ते भराभर उलटले आणि थांबला एका पंगतीच्या फोटोवर. तिच्या आत्याच्या मुलाने मोबाइलवर काढलेला, पत्रावळीवर वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी, जावई शेजारी बसलेल्या माझ्या आईला बट्टी कुस्करून देताहेत. "ह्या कोण?" "माझी आजी." पुढचा फोटो त्याने बघितलाच नाही. तेव्हा साखरपुडा, हळद, पंगत, नंतरच्या भेटी, दोन्ही घरची माणसं असलेले पंधरा-वीस फोटो पुरेत. सोबत विमानाची तिकिटं, कॉल आणि चॅटचे निवडक नमुने, पैसे पाठवल्याच्या नोंदी, विम्यात किंवा बँकेत नॉमिनी लावलं असेल तर ते.

माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा. जाणूनबुजून खोटं बोललात आणि ते महत्त्वाच्या बाबतीत निघालं, तर फसवणुकीचा शिक्का बसतो आणि तो मुदतीने पुसला जात नाही. पूर्वी कधी टुरिस्ट व्हिसाच्या अर्जात काही वेगळं लिहिलं असेल तर ते आधीच आठवून ठेवा, त्यांच्याकडे ते असतंच.

काहींना २२१(जी) ची चिठ्ठी मिळते. तिचा अर्थ व्हिसा तूर्त रोखलाय. कागद कमी असेल तर चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, तो द्यायचा. नुसती अंतर्गत तपासणी असेल तर वाट बघायची. एजंटाला पैसे देऊन ती लवकर होत नाही.

भाचीचा व्हिसा पासपोर्टवर चिकटून आला तेव्हा लग्नाला बावीस महिने झाले होते. इमिग्रंट व्हिसा वैद्यकीय तपासणीच्या तारखेला बांधलेला असतो, फार तर सहा महिने चालतो. आणि ती गेलीच नाही. घरात बसली. मावशींचा प्रश्न बदलला, "मंग जात काबर नही?" कारण असं की अमेरिकेत पाय ठेवाल त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पुरी झाली नसतील तर सीआर-१, म्हणजे दोनच वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड. ते संपायच्या आधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून ती अट काढण्यासाठी आय-७५१ भरायचा, पुन्हा फी, पुन्हा पुरावे. दोन वर्षं पुरी झाली असतील तर आयआर-१, थेट दहा वर्षांचं. व्हिसावर सीआर-१ छापलेलं असलं तरी विमानतळावरच्या अधिकाऱ्याला लग्नाची तारीख दाखवून बदलून घेता येतं. व्हिसाची मुदत पुरत होती, म्हणून दोन महिने थांबली. लग्नाचा दुसरा वाढदिवस फोनवर झाला आणि चौथ्या दिवसाचं तिकीट काढलं.

निघण्यापूर्वी २३५ डॉलरची इमिग्रंट फी ऑनलाइन भरली. कार्ड पोस्टाने घरी येतं, तोवर पासपोर्टवरचा शिक्का वर्षभर ग्रीन कार्डाचं काम करतो. वकिलातीने बंद पाकीट दिलं असेल तर ते फोडायचं नाही, विमानतळावर तसंच द्यायचं. मूळ दाखले हातातल्या बॅगेत.

चेक-इनच्या बॅगेत तिच्या आईने काळा मसाला आणि जुन्या साडीत गुंडाळलेल्या बिबड्या भरल्या. खाण्याच्या वस्तू आहेत का, असं विचारलं की हो म्हणायचं आणि दाखवायच्या, न सांगितल्याचा दंड होतो. आमचे मेव्हणे घरच्या केळीची फणी घेऊन स्टेशनवर आले होते. ताजं फळ तिकडे नेता येत नाही. दादरपर्यंत आम्हीच खाल्ली.